नाव न विचारलेल्या काकांना, डावीकडच्या चेनबद्दल

आदरणीय काका,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. त्या दुपारी इंजिन बसवलेल्या माझ्या सायकलचं मागचं चाक जाम झालं होतं, दोन स्पोक तुटले होते आणि ते जड धूड मागून उचलत मी कडेकडेने चाललो होतो. तुम्ही थांबलात, वाकून डावी बाजू, म्हणजे इंजिनची चेन असते ती, पाहिलीत आणि विचारलंत, "चेन ताणली तेव्हा चाक कुठल्या जागी उभं होतं?" मला प्रश्नच कळला नाही. चाक उभं होतं, चेन लोंबत होती, मी टेन्शनर, म्हणजे फ्रेमला आवळलेली, चेन दाबून ताणणारी रोलरची पट्टी, खाली दाबून आवळला होता. एवढंच मला माहीत.

तुम्ही आधी स्पार्क प्लगची टोपी काढायला लावलीत, क्लच दाबून अडकवायला लावलात. हात चेनपाशी असताना इंजिन फिरलं तर बोट जातं, म्हणालात. मग स्पोकमध्ये घुसलेला टेन्शनर सोडवून बाजूला केला, तुटलेले स्पोक शेजारच्यांना गुंडाळले आणि टायरवर खडूची खूण करून चाक हळूहळू फिरवायला सांगितलंत. एका जागी चेन तारेसारखी ताठ झाली. अर्धा फेरा पुढे नेल्यावर झोपाळ्यासारखी लोंबली. मी तर लोंबत्या जागी धरूनच ती घट्ट केली होती! म्हणजे दर फेऱ्याला ताठ जागा आली की चेन रोलरला जोराने ओढायची, आणि त्या ओढीने टेन्शनरची पकड फ्रेमच्या नळीवर जराजरा फिरत शेवटी स्पोकमध्ये शिरली. त्याआधी दोन दिवस "टक टक" असा आवाज येत होता, तो मी चेन कोरडी असेल म्हणून तेल घालून सोडून दिला होता.

मूळ दोष स्प्रॉकेटचा होता. 44 दातांचं ते चक्र 9 बोल्टांनी, रबरी चकत्यांमधून, स्पोकवर आवळलेलं असतं. मधलं भोक चाकाच्या हबपेक्षा (मधल्या तुंब्यापेक्षा) मोठं, त्यामुळे माझ्याकडून ते केसभर एका अंगाला बसलं होतं. तुम्ही माझ्या हातात पाना दिलात आणि स्वतः शेजारी उकिडवे बसून राहिलात. बोल्ट सैल करायचे, स्प्रॉकेट सरकवायचं, समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळायचे, पुन्हा फिरवून पाहायचं. चौथ्या खेपेला ताठ आणि सैल यांतला फरक जेमतेम उरला. तुम्ही केलं असतंत तर दहा मिनिटांत झालं असतं. मला तासभर लागला, पण तुम्ही एकदाही पाना मागितला नाहीत. काका, माझ्या मनात सगळ्यात खोल राहिलंय ते हेच.

नंतर खिशातून स्टीलची पट्टी काढलीत. सर्वांत ताठ जागी चेन मधोमध वर-खाली अर्धा इंच हलली पाहिजे, पाऊण इंचापर्यंत चालेल. त्याहून घट्ट झाली तर हबच्या आणि इंजिनच्या बेअरिंगवर भार येतो. सैल ठेवली तर चेन उतरते आणि चाक अडकतं. "ताण मागच्या चाकाने द्यायचा, रोलरने नुसता आधार," असं म्हणून ॲक्सलचे नट सैल करून चाक दोन्ही बाजूंनी सारखं मागे घ्यायला लावलंत. त्याने उजवीकडची पॅडलची चेनही ताणली जाते, हे मला सुचलंच नव्हतं. तीही तुम्ही तपासलीत. जाता जाता मास्टर लिंकची, म्हणजे चेनची दोन टोकं जोडणाऱ्या कडीची, क्लिप दाखवलीत: बंद टोक चेन धावते त्या दिशेला, नाहीतर एखाद्या अडथळ्याला लागून ती निघू शकते.

स्पोक बदलले आहेत. आता लांबच्या फेरीआधी टोपी काढतो, चाक पूर्ण फिरवतो, ताठ जागा शोधतो. महिन्यातून एकदा चेनच्या 24 कड्या ताणून मोजतो. नवी असताना त्या 304.8 मिलिमीटर भरतात. 308 च्या जवळ गेल्या की चेन बदलणार आहे. गेल्या आठवड्यात एका मुलाची अशीच गाडी लोंबत्या चेननिशी दिसली. त्याला थांबवलं, खडू दिला आणि पाना त्याच्याच हातात ठेवला.

आणि काका, तुमची पट्टी माझ्याकडेच राहिली आहे. अर्ध्या इंचापाशी तुम्ही खिळ्याने ओढलेली रेघ अजून स्पष्ट आहे. भेटलात तर ती परत द्यायची आहे.

मनापासून आभार.

तुमचा,
त्या दुपारचा सायकलवाला