ठेव मोडू नका, बाबा

वाकड, पुणे
दि. 1 मार्च 2026

तीर्थरूप बाबांस व तीर्थरूप सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

मागच्या रविवारी फोनवर बाबा म्हणाले, "पोस्टातले 15 लाख काढतो, पाडव्याला फ्लॅट बुक करून टाका," आणि मी "बघू" म्हणून विषय बदलला. ते उत्तर नव्हते, हे तुम्हा दोघांनाही कळले असेल. फोनवर आकडे नीट सांगता येत नाहीत, आणि कराड आगाराच्या लेखा शाखेत तीस वर्षे काढलेल्या माणसाशी आकड्यांवाचून वाद घालण्यात अर्थ नाही. म्हणून हे पत्र. आमचे एवढ्यात घर होऊ शकते का, हा तुमचा प्रश्न आहे. होऊ शकते, पण तुम्ही माहितीपत्रकात पाहिलेले ते घर नव्हे, आणि तुमच्या पैशाने तर नव्हेच.

पुनावळ्यातल्या त्या दोन बेडरूमच्या फ्लॅटची किंमत 78 लाख सांगितली होती, तीच तुमच्या लक्षात राहिली आहे. माझ्याही राहिली होती. इमारत अजून बांधली जात असल्याने त्यावर 5 टक्के जीएसटी लागतो, म्हणजे 3 लाख 90 हजार. पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत मुद्रांक शुल्क 7 टक्के आहे, म्हणजे 5 लाख 46 हजार, आणि नोंदणीचे 30 हजार. सोसायटीच्या देखभालीपोटी बिल्डर सव्वा लाख आगाऊ घेणार. दिवे, पंखे, खिडक्यांच्या जाळ्या, स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या आणि कपाटे यांना कितीही हात आखडला तरी 5 लाख लागतील. तेव्हा 78 लाखांचे घर प्रत्यक्षात जवळजवळ 94 लाखांना पडते. बँक मात्र करारातल्या किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंतच, म्हणजे 62 लाख 40 हजार देईल. मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च ती कर्जाच्या हिशेबात धरत नाही. उरलेले साडेएकतीस लाख आमचे आम्ही उभे करायचे. सात वर्षांत आम्ही दोघांनी साठवलेले 14 लाख आहेत. बाबा, ही तूट तुमच्या लगेच लक्षात आली, म्हणूनच तुम्ही पोस्टाचे नाव काढलेत, हे मला समजते.

आता त्या ठेवीचा हिशेब. एप्रिल 2023 मध्ये ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत तुम्ही 22 लाख ठेवलेत, 15 लाखांचे एक आणि 7 लाखांचे दुसरे अशा दोन खात्यांत, 8.2 टक्क्यांनी. मोठे खाते आज मुदतीआधी बंद केले तर मुद्दलातून एक टक्का, म्हणजे 15 हजार कापले जातील. ते गेले तर जाऊ देत. पण त्या खात्याचे वर्षाचे 1 लाख 23 हजार रुपये व्याज बंद होईल, त्याचे काय करायचे? लहान खात्याचे महिन्याला सुमारे 4,800 रुपये पडतात आणि भविष्य निर्वाह निधीचे निवृत्तिवेतन अजूनही 3 हजारांच्या आत आहे. दोन माणसांचे घर, आईच्या रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या, वीजबिल, घरपट्टी, आणि वर्षाकाठी हमखास निघणारी दोन-तीन लग्नकार्ये एवढे सगळे महिन्याला 8 हजारांपेक्षा कमी पैशांत कसे भागेल? भागणार नाही. मग महिन्याला आम्ही तुम्हाला पैसे पाठवू, असे तुम्ही म्हणाल, आणि तेच मला नको आहे. ज्या महिन्यात आमचा हप्ता जड जाईल, त्याच महिन्यात तुमच्या औषधांना कात्री लागेल आणि तुम्ही दोघेही ते आम्हाला कळू देणार नाही. मी तुम्हाला ओळखते.

मामांचे म्हणणे असे की भाडे म्हणजे पाण्यात घातलेले पैसे, आणि तेवढ्याच पैशात घर आपले होते. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की शेवटी वही घेऊन बसले. आम्ही वाकडला ज्या फ्लॅटमध्ये राहतो, तो आकाराने पुनावळ्याच्या फ्लॅटएवढाच आहे आणि त्याचे भाडे 24 हजार आहे, म्हणजे वर्षाचे 2 लाख 88 हजार. 62 लाख 40 हजारांचे कर्ज 8 टक्क्यांनी 20 वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे 52,200 रुपये येतो, आणि पहिल्या हप्त्यातले 41,600 रुपये निव्वळ व्याजाचे असतात. पहिल्या वर्षात व्याजापोटी जवळपास 4 लाख 94 हजार जातात. तेही पाण्यातच गेले म्हणायचे, फक्त ते पाणी बँकेच्या विहिरीतले. वीस वर्षांत एकूण सव्वा कोटी फेडावे लागतात. घराची किंमत पुढे वाढेल, हे मामांचे दुसरे म्हणणे खोटे नाही, आणि थांबण्यातला धोका मी नाकारत नाही. पण वाढलेल्या किमतीने दरमहाचा हप्ता भरला जात नाही.

कर्जामुळे प्राप्तिकर वाचतो, असेही बाबांनी सांगितले होते. तुमच्या वेळी ते खरे होते आणि जुन्या करपद्धतीत आजही खरे आहे. पण आम्ही दोघेही नव्या करपद्धतीत आहोत, तिथे स्वतः राहायच्या घराच्या व्याजावर सवलत नाही, आणि आमचे पगार वेगवेगळे धरले तर आम्हाला तसाही कर लागत नाही. जो कर भरतच नाही, तो वाचवायचा कुठून?

बँकेतल्या बाईंनी आमच्या पगाराच्या चिठ्ठ्या पाहून सांगितले की तुम्हाला 70 लाखांपर्यंत कर्ज सहज मिळेल. खरे सांगते, त्या क्षणी मलाही बरे वाटले. घरी येताना तुमचे जावई म्हणाले, "त्यांनी आपल्याला किती देता येईल ते सांगितलं, आपल्याला किती झेपेल ते नाही." आमच्या दोघांच्या हातात मिळून महिन्याला 1 लाख 22 हजार येतात, त्यातले 58 हजार माझे. आई, तू प्रत्येक फोनला ज्या विषयाकडे वळतेस, तो विषय आमच्याही मनात आहेच. मूल झाले आणि माझा पगार वर्षभर थांबला, तर त्यांच्या 64 हजारांतून 52,200 चा हप्ता जाऊन 11,800 उरतील. त्यात बाळाचे दूधसुद्धा कर्जावर आणावे लागेल. शिवाय व्याजदर एके ठिकाणी थांबत नाही. मे 2022 च्या सुरुवातीला रिझर्व्ह बँकेचा रेपो दर, म्हणजे ती इतर बँकांना ज्या दराने पैसे देते तो दर, 4 टक्के होता, तो फेब्रुवारी 2023 मध्ये साडेसहा झाला. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने 2021 साली कर्ज घेतले होते. त्याचा हप्ता तोच राहिला, पण मुदत इतकी लांबली की निवृत्तीनंतरही तो हप्ते भरत असेल. आता दर पुन्हा उतरले आहेत, म्हणून 8 टक्क्यांचा हिशेब मांडता येतो. पण तेवढेच अडीच टक्के पुन्हा वाढले, तर आमचा हप्ता 62,300 होईल.

ताबा मिळेपर्यंतचा काळ तर मी अजून धरलेलाच नाही. बिल्डरांच्या प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या महारेरा या सरकारी प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर त्या प्रकल्पाची मुदत डिसेंबर 2028 दाखवली आहे. तोवर इथले भाडे सुटत नाही आणि जेवढे कर्ज बिल्डरकडे गेले असेल, तेवढ्याचे व्याजही चुकत नाही. निम्मे कर्ज उचलले गेले की महिन्याला 20,800 रुपये भाड्याच्या जोडीला जातील. त्यांच्या विक्री कार्यालयातल्या मुलाने आम्हाला गरम कॉफी पाजून "आजच 10 लाख भरा, भाव गोठवून ठेवतो, करार नंतर करू" असे सांगितले. करार नोंदवण्याआधी किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, एवढा कायदा आम्ही वाचून गेलो होतो. 78 लाखांचे 10 टक्के म्हणजे 7 लाख 80 हजार, असे मी त्याला म्हटले, तेव्हा तो हसून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

सरकारी योजनांचे तुम्ही विचारले होते, ते थोडक्यात लिहिते. प्रधानमंत्री आवास योजनेच्या व्याज अनुदानासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 9 लाखांपर्यंत असावे लागते, आमचे त्याहून जास्त आहे. म्हाडाच्या पुणे मंडळाच्या सोडतीत आम्ही दोनदा अर्ज केला, दोनदा अनामत परत आली. पुन्हा करूच, पण सोडतीवर संसार आखता येत नाही.

या सगळ्यातून मला राहून राहून आपले कराडचे घर आठवते. बाबा, तुम्ही नेहमी सांगता की मी एकट्याच्या पगारात घर बांधले, मग तुम्हा दोघांच्या पगारात का होत नाही. पण तुम्ही ते एकदम बांधले नव्हते. आधी जागा घेतली, मग चार वर्षांनी दोन खोल्या उठल्या आणि त्यांवर पत्रा पडला. पावसाळ्यात पत्र्याच्या आवाजात मला पाढे मोठ्याने म्हणावे लागत. स्लॅब पडला तेव्हा मी सातवीत होते, आणि बाहेरून गिलावा झाला तो माझ्या बारावीनंतर. तुमचे घर तुमच्या पगाराबरोबर वाढत गेले. फ्लॅट तसा वाढत नाही. तो लिफ्ट, क्लब हाऊस आणि पोहण्याच्या तलावासकट एकदमच अंगावर येतो. आज दोन खोल्या घेऊ आणि तिसरी बोनस मिळाल्यावर, असे बिल्डरला सांगता येत नाही. म्हणून तुमची रीत आम्हाला वेगळ्या प्रकारे पाळावी लागेल: आधी लहान आणि जुने घ्यायचे, मोठ्याचे पुढे पाहायचे.

चिंचवडमध्ये रेल्वे स्थानकापासून चालत जाता येईल अशा एका वीस-बावीस वर्षांच्या सोसायटीत एक बेडरूमचा फ्लॅट आम्ही पाहिला आहे. तिसरा मजला, लिफ्ट नाही, स्वयंपाकघरातल्या फरशा उखडलेल्या, पण वारा चांगला येतो. मालक 48 लाख म्हणतात. तयार घर असल्याने जीएसटी नाही. घर फक्त माझ्या नावावर घेतले, तर स्त्रियांसाठीच्या सवलतीमुळे मुद्रांक शुल्क 7 ऐवजी 6 टक्के, म्हणजे 2 लाख 88 हजार लागेल. तुमचे जावई कर्जात सहकर्जदार राहतील, मालकीत नाहीत. त्यांना हे सांगताना मला संकोच वाटला होता, पण तेच म्हणाले की 48 हजार वाचत असतील, तर नाव कुणाचेही लागू दे. (हे सासूबाईंना आम्ही आमच्या पद्धतीने सांगू, आईने कृपया आधी सांगू नये.) नोंदणी, एजंटाची दलाली, सोसायटीचे हस्तांतरण शुल्क आणि दुरुस्ती धरून एकूण साडेत्रेपन्न लाखांच्या आत बसते. त्यात 38 लाख 40 हजार कर्ज, हप्ता सुमारे 32,100. माझा पगार थांबला, तर तो एकाच्या पगाराचा निम्मा भाग होईल. ओढाताण होईल, पण घर चालेल.

आमच्या 14 लाखांपैकी 4 लाख अडीअडचणीसाठी बाजूला राहतील, त्यांना हात लावायचा नाही. उरलेल्या 10 लाखांत महिन्याला 30 हजार टाकत गेलो, तर दीड वर्षात आमचा वाटा, म्हणजे 15 लाख, जमतो. तोवर हा फ्लॅट बहुधा विकला गेलेला असेल आणि तसाच दुसरा 52 लाखांना मिळेल. तसे झाले तर अजून तीन-चार महिने थांबू. या दीड वर्षात भाड्याच्या घरात राहण्याचा त्रास आहेच. अकरा महिन्यांनी नवा करार, सात वर्षांत चार घरे, आणि आता घरमालक मुलाच्या लग्नासाठी फ्लॅट रिकामा मागतील अशी कुणकुण आहे. आईने पाठवलेले तांब्याचे घंगाळ दर वेळी गोणपाटात बांधताना मलाही वाईट वाटते. पण त्या वाईट वाटण्याची किंमत 15 लाख नाही.

आई, तू गोठ मोडायचे म्हणाली होतीस. ते तुझ्या हातातच राहू देत.

बाबांकडून मात्र मला एक गोष्ट हवी आहे. चैत्रात ऊन फार तापण्याआधी दोघे चार दिवस इकडे या आणि चिंचवडची ती सोसायटी माझ्याबरोबर पाहा. गच्चीवर पाणी कुठे साचते, भिंतीला ओल कुठून येते, हे तुम्हाला आमच्यापेक्षा चटकन दिसेल. त्यांच्या सचिवांकडे दोन कागद मागायचे आहेत: इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र, आणि जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे की अजून मूळ बिल्डरच्याच नावावर आहे, ते दाखवणारा दस्त. जमीन नावावर नसेल, तर मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे बिल्डरने सही केली नाही तरी जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्याचा, अर्ज केला आहे का, हेही विचारायचे. मी विचारले की ते मला "मॅडम, सगळं क्लिअर आहे" एवढेच सांगतात. तुम्ही विचारलेत, तर फाइल उघडावी लागेल.

दोन्ही घरांचा हिशेब वेगळ्या कागदावर मांडून सोबत पाठवत आहे. समासात जागा सोडली आहे. लाल पेनाने तपासून परत पाठवा, आणि पोस्टात जाल तेव्हा तिमाहीचे व्याज तेवढे काढा.

तुमची मुलगी

ता. क. हप्त्याचे आकडे पूर्णांकात घेतले आहेत. तुमच्या पडताळणीत शंभर-दोनशेचा फरक आला, तर ती चूक धरू नये.