‘पुष्पक’ संचातील जड लाकूड आणि खराब टिश्यूबाबत तक्रार

कोल्हापूर
दि. 9 जून 2025

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : ‘पुष्पक’ या बाल्साच्या (अतिशय हलक्या लाकडाच्या) छोट्या विमानाचा बांधणी संच (पंखविस्तार 61 सें.मी., पिळलेल्या रबरावर उडणारा) सदोष निघाल्याबाबत.

महोदय,

मार्चअखेर मी आपल्याकडून वरील संच 2,640 रुपयांना मागवला. माझी नात बारा वर्षांची आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिच्यासोबत एक विमान बांधायचं, असं आमचं दिवाळीतच ठरलं होतं. परदेशी विमानांचे संच पुष्कळ मिळतात. पण 1958 साली पहिल्यांदा उडालेलं आणि आपल्या फ्लाइंग क्लबांतून कित्येकांना उडायला शिकवणारं एचएएल या सरकारी विमान कंपनीचं पुष्पक कोणीतरी संचात आणलं, याचा मला फार आनंद झाला होता. म्हणूनच हे पत्र सविस्तर लिहीत आहे.

चांगलं आहे ते आधी सांगतो. नकाशा अचूक आहे. मूळ विमानाचा 36 फुटांचा पंख अठराव्या हिश्श्यावर नेमका आणला आहे. लेझरचा काप स्वच्छ आहे, रिब, म्हणजे पंखाची फासळी, खाचेत घासावी न लागता बसते. चाकं, काच, पंखा यांबद्दलही काही म्हणणं नाही.

तक्रार लाकडाची आहे. मी 32 वर्षं शिरोलीच्या फाउंड्रीत पॅटर्नमेकर, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने करणारा, होतो, त्यामुळे शीट हातात घेताच शंका आली. नातीला घेऊन गुजरीत एका सराफ मित्राकडे गेलो आणि चारही शीट सोन्याच्या काट्यावर ठेवली. प्रत्येक शीट 1.5 मि.मी. जाड, 75 मि.मी. रुंद, 450 मि.मी. लांब. अशा विमानाला योग्य बाल्सा असेल तर एक शीट 5 ते 8 ग्रॅम भरायला हवं. आपली शीट 12.1, 11.6, 11.2 आणि 6.3 ग्रॅम भरली. पहिल्या शीटचा हिशेब घनमीटरला जवळजवळ 240 किलो येतो. हे बाल्सा मोठ्या इंजिनच्या विमानात जोर येतो तिथे चालेल, रबराच्या विमानात नाही.

त्यातही एकच हलकं शीट आलं ते उजव्या पंखाचं, आणि शेपटीचे सगळे भाग सर्वांत जड शीटमधून कापलेले. पंखापासून शेपूट नाकापेक्षा कितीतरी दूर असते. तिथे एक ग्रॅम वाढला की तोल साधायला नाकात जवळपास तीन ग्रॅम माती भरावी लागते. आम्हाला 9 ग्रॅम भरावी लागली. डावा पंख उजव्यापेक्षा साडेतीन ग्रॅम जड झाला, म्हणून उजव्या टोकालाही माती. खोक्यावर रबराशिवाय 48 ग्रॅम वजन छापलं आहे. आमचं विमान 81 ग्रॅम भरलं.

रिबांचा कापही चुकला आहे. रिबेला त्रिज्येच्या दिशेने कापलेलं, अंगावर ठिपक्यांची नक्षी दिसणारं लाकूड लागतं, कारण ते ताठ राहतं. आपण दिलेलं लाकूड त्रिज्येला आडव्या कापाचं आहे. ते गोल वळवायला उत्तम, पण रिब म्हणून वापरलं की टिश्यूच्या, म्हणजे सांगाड्यावर चिकटवायच्या पातळ कागदाच्या, ताणाने वाकतं. सहा रिबा वाकल्या आहेत.

आता टिश्यू. त्यालाही नस, म्हणजे तंतूंची दिशा, असते. नसेच्या आडवा तो जास्त आकसतो, म्हणून नस पंखाच्या लांबीला धरायची असते. हे मी नातीला कागद फाडून दाखवायला गेलो. सरळ फाटेल ती नसेची दिशा. आपला पिवळा कागद दोन्हीकडून वेडावाकडाच फाटला. मग आम्ही पट्ट्यांच्या दोन सारख्या चौकटी केल्या. एकीवर आपला कागद लावला, दुसरीवर माझ्याकडे कित्येक वर्षं जपून ठेवलेला जपानी टिश्यू. दोन्हींवर पाण्याचा फवारा मारला. सुकल्यावर जपानी टिश्यू हलगीसारखा ताणला गेला. आपला कागद सैलच राहिला आणि त्याचा रंग नातीच्या बोटांना लागला. हा भेटवस्तू गुंडाळायचा कागद आहे, विमानाचा टिश्यू नव्हे.

पाण्याने जे झालं नाही ते डोपने, म्हणजे टिश्यू ताणून घट्ट करणाऱ्या वार्निशसारख्या द्रवाने, होईल असं वाटलं. पावसाळी हवेत डोपवर पांढरी साय धरते, म्हणून वळीव यायच्या आत, कोरड्या दुपारी काम उरकलं. आपल्या पत्रकात फक्त ‘तीन हात द्यावेत’ एवढंच आहे. निम्मा थिनर घालावा, डोप लवचीक राहावा म्हणून त्यात थोडं एरंडेल असावं, सुकेपर्यंत पंख फळीवर टाचून ठेवावा, यातलं एक अक्षर नाही. पातळ करणं आणि टाचणं मी माझ्या माहितीने केलं. पंख दोन दिवस टाचलेला होता. तरी आपल्या बाटलीतला डोप पुढे आठवडाभर आकसत राहिला. आडवी शेपूट चमच्यासारखी वळली. डाव्या पंखाच्या टोकाची मागची कड थोडी वर हवी, ती खाली गेली.

18 मे रोजी सकाळी वारा पडलेला असताना शाळेच्या मैदानावर गवतात विमान हाताने सोडून पाहिलं. तीनदा ते एका अंगावर कलंडत खाली आलं. चौथ्यांदा रबराला दीडशे पीळ देऊन सोडलं, ते गिरकी घेत नाकावर आपटलं. पंख मुळापाशी मोडला.

हे कळवल्यावर आपल्या कार्यालयाने ईमेलवर उत्तर दिलं, की लाकूड नैसर्गिक असल्याने वजन कमी-जास्त होणारच आणि बांधणीतील चुकांना कंपनी जबाबदार नाही. लाकूड नैसर्गिक आहे म्हणूनच ते निवडावं लागतं. मी तरुणपणी एनसीसीच्या एअर विंगमध्ये विमानं बांधत होतो तेव्हा दुकानात एकेक शीट तळहातावर तोलून घ्यायचो. संचात तो हक्क ग्राहकाला राहत नाही. भाग कापूनच येतात, म्हणजे निवड आपण केलेली असते. त्या निवडीची जबाबदारी आपलीच आहे.

ते ईमेल नातीने वाचलं. तिने दीड महिना रोज संध्याकाळी दोन-दोन तास बसून, टाचण्यांनी बोटं टोचून घेत हे विमान बांधलं होतं. एकही सांधा तिरका नाही, मी स्वतः पाहिला आहे. ती मला म्हणाली, “आजोबा, माझ्याकडूनच काहीतरी चुकलं असणार.” मी काटा, चौकटी, वाकलेल्या रिबा सगळं पुन्हा दाखवलं. तिला पटलेलं नाही. कंपनीने लेखी कळवलंय म्हणजे खरं असेल, असं तिला वाटतं.

माझी मागणी अशी. चारही शीट बदलून द्यावीत, प्रत्येकाचं वजन त्यावर लिहिलेलं असावं, आणि दोन्ही पंखांचे भाग एकाच वजनाच्या लाकडातून कापावेत. सोबत पाण्याने आकसणारा टिश्यू आणि लवचीक राहणारा डोप पाठवावा. हे जमत नसेल तर पूर्ण रक्कम परत करावी. पत्रकात डोपची रीत नीट छापावी, म्हणजे माझ्यासारखा कोणी घरात नसलेल्या मुलांचं काम वाया जाणार नाही. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा 2019 अन्वये जिल्हा आयोगाकडे दाद मागेन. पावती, वजनांची छायाचित्रं आणि दोन्ही चौकटी सोबत जोडल्या आहेत. मोडलेला पंख जपून ठेवला आहे, मागितलात तर पाठवीन.

आणखी एक विनंती. लाकूड सदोष होतं, बांधणी नव्हे, एवढं आपण मान्य करत असाल तर ते पत्र माझ्या नातीच्या नावे पाठवावं. पत्ता तोच आहे.

आपला,
एक ग्राहक