आलेलं बाळ लस न घेता परत जाऊ नये

माननीय आरोग्यमंत्री महोदय,

स. न. वि. वि.

लसीकरणाचा टक्का घसरला की पहिला ठपका पालकांवर येतो. त्यांच्यात जागृती नाही, ते अफवांना बळी पडतात, असं म्हटलं जातं. अफवा आहेतच. पण अर्धवट लसीकरण झालेल्या मुलाच्या कार्डावर एक तरी नोंद असतेच, म्हणजे त्याचे आईवडील एकदा दारापर्यंत आले होते. पुढच्या वेळी ते का आले नाहीत, किंवा येऊनही लस न मिळता का परतले, याची चौकशी कोणी करत नाही. आमचं मागणं तेवढ्यापुरतंच आहे.

उदाहरणार्थ, गोवर-रुबेलाची लस पाहा. ती भुकटीच्या रूपात, बहुधा पाच किंवा दहा डोसच्या कुपीत येते. द्रावक मिसळल्यापासून चार तासांच्या आत (जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा सहा तासांची आहे) किंवा सत्र संपेपर्यंत, यांतलं जे आधी होईल तोवरच ती वापरायची. उरलेली टाकून द्यायची, कारण तिच्यात जंतूंची वाढ रोखणारं काही नसतं आणि दूषित कुपी बाळाच्या जिवावर बेतू शकते. हा नियम योग्यच आहे आणि तो सैल करू नका. चूक त्याच्या अलीकडे होते. एकच बाळ आलं की कुपी फोडायची नाही, ‘पुढच्या वेळी या’ म्हणायचं. वाया गेलेल्या डोसचा हिशेब द्यावा लागतो आणि परत गेलेल्या बाळाचा कुणी विचारत नाही, मग परिचारिका दुसरं काय करणार? एका बाळासाठीसुद्धा कुपी उघडावी, असाच जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. तो लेखी आदेश म्हणून काढा आणि वाया जाणारे डोस खरेदीतच धरा.

गोवरात ही ढिलाई परवडत नाही. लस न घेतलेल्या लोकांत एक रुग्ण १२ ते १८ जणांना लागण करू शकतो. तो खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहतो. साथ रोखायची तर ९५ टक्के मुलांना दोन्ही डोस मिळायला हवेत. नवव्या महिन्यात दिलेला पहिला डोस साधारण ८५ टक्के मुलांनाच संरक्षण देतो, कारण आईकडून आलेली प्रतिपिंडं, म्हणजे रोगजंतूंशी लढणारी रक्तातली प्रथिनं, काही बाळांमध्ये लशीला काम करू देत नाहीत. म्हणून दुसऱ्या डोसला ‘बूस्टर’ म्हणणं थांबवा. ‘बूस्टर’ ऐकून पालकांना तो जास्तीचा वाटतो. पहिल्या डोसचा उपयोग न झालेल्या मुलांसाठी दुसरा डोस हेच खरं पहिलं संरक्षण असतं.

परत पाठवण्याची बाकीची कारणंही अशीच टाळण्याजोगी आहेत. सर्दी, खोकला, हलका ताप, साधे जुलाब असले तरी लस देता येते. बाळ अपुऱ्या दिवसांचं असलं तरी लशीचं वय जन्मतारखेपासूनच मोजायचं. एकाच दिवशी दोन इंजेक्शनं वेगवेगळ्या जागी देता येतात. उशीर झाला म्हणून पहिल्यापासून सुरुवात करायची नसते. राहिलेल्या डोसपासून पुढे जायचं, दोन डोसांमध्ये किमान चार आठवडे ठेवायचे. रोटाव्हायरससारख्या (जुलाबांवरच्या) काही लशींना वयाची वरची मर्यादा असते, तेवढी पाहावी. हिपॅटायटिस बीचा (यकृताला होणाऱ्या संसर्गावरच्या लशीचा) जन्मडोस मात्र २४ तासांतच द्यायला हवा, मग प्रसूती सुट्टीच्या दिवशी का झालेली असेना. जन्माच्या वेळी लागण झालेल्या दहा बाळांपैकी नऊ जणांत हा आजार कायमचा मुक्काम करतो.

आता पालकांना काय सांगितलं जातं त्याबद्दल. पेंटाव्हॅलंट, म्हणजे पाच आजारांवरची एकत्रित लस, दिल्यावर त्या रात्री ताप येतो, मांडी सुजते, बाळ किरकिरतं. हे एक-दोन दिवसांत ओसरतं. वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल द्यावं, अॅस्पिरिन देऊ नये, टोचलेली जागा चोळू नये. गोवराच्या लशीनंतरचा ताप किंवा पुरळ पाचव्या ते बाराव्या दिवसादरम्यान येतो, तोवर लशीचा विसरही पडलेला असतो. बीसीजीची (क्षयरोगावरच्या लशीची) जागा दोन-तीन आठवड्यांनी फुगते, चिघळते आणि खपली धरून व्रण राहतो. हे आधी माहीत असलेली आई घाबरत नाही. ज्या आईला कोणी सांगितलंच नाही ती रात्रभर तापलेलं बाळ मांडीवर घेऊन बसते आणि दुसऱ्या डोसला येत नाही. तिला अडाणी म्हणणं अन्याय आहे. अंगावर गांधी, धाप, ओठ सुजणं हे फार क्वचित होतं, आणि बहुधा लगेच होतं. त्यासाठीच अर्धा तास थांबवून घ्यायचं आणि तीव्र अॅलर्जीवरचं अॅड्रिनॅलिनचं इंजेक्शन हाताशी ठेवायचं. थांबण्याचं कारण सांगितलं की पालक थांबतात.

साठवणुकीत सगळ्यांचं लक्ष उष्णतेकडे असतं, पण गोठण्यानेही लस मरते. पेंटाव्हॅलंट, हिपॅटायटिस बी, डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांवरची) या लशी २ ते ८ अंशांतच हव्यात. कुपीवरच्या चौकोनाचा रंग फक्त उष्णता दाखवतो, गोठणं नाही. म्हणून बर्फाचा पॅक फ्रीझरमधून काढल्याबरोबर लशींच्या डब्यात घालू नये. बाहेर ठेवून तो कानाशी हलवावा, आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला की मगच ठेवावा. सत्राच्या सकाळच्या घाईत नेमकं हेच सुटतं, आणि पालकांच्या हाती मात्र लस दिल्याची नोंद असलेलं कार्ड पडतं.

महोदय, मासिक अहवालात किती डोस दिले आणि किती वाया गेले याचे रकाने आहेत. त्यांच्या शेजारी आणखी एक रकाना छापून घ्या: लस न देता परत पाठवलेली मुलं, आणि कारण. येत्या तिमाहीपासून आढावा बैठकीत तो रकाना आधी वाचावा, ही विनंती.

आपले,
बाललसीकरणाच्या कामातील कार्यकर्ते