बाई गेल्या, खो कुणाला

प्रिय सोन्या,

काल फोनवर तू तुझ्या पीएचडीच्या गाईडबद्दल जे काही बोललास ते मी गप ऐकून घेतलं, कारण बाबा शेजारीच बसले होते आणि त्यांना यातलं अजून काही सांगितलेलं नाही. पण मग रात्रभर झोप लागली नाही, आता पहाटे पाचला ओट्यावर चहा ठेवून हे टाईप करतेय, अर्धं बोलून अर्धं बोटाने, चुका असतील त्या तूच नीट लावून वाच.

गाईड दुसऱ्या युनिव्हर्सिटीत निघालेत, तुला म्हणाले येतोस का सोबत, महिन्यात सांग. आणि तू म्हणतोस त्यांनी धोका दिला, माझी तीन वर्षं वापरली आणि आता निघाले. हे ऐकताना मला सारखा तुझा तो उंच रूममेट आठवत होता. आम्ही सिएटलला आलो होतो ना, २०२३ च्या नोव्हेंबरात, सहा महिने. बाबांना थंडी बाधली आणि मला फुटबॉल बाधला. आधी मला वाटायचं हे कसलं फुटबॉल, पायाने खेळतच नाहीत, नुसती हेल्मेटं घालून एकमेकांच्या अंगावर. पण त्याने मला भाताचे दाणे ताटात मांडून सगळं समजावलं, आणि आयुष्यभर खो-खो शिकवलेल्या बाईला चाल समजायला किती वेळ लागतो.

तुमच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीची ती शेजारच्या वॉशिंग्टन स्टेटशी मॅच आठवते का, ॲपल कप म्हणतात ती? शेवटच्या सेकंदाला त्या पोराने, ग्रेडी ग्रॉसने, किक मारली आणि तुमचे २४-२१ ने जिंकले. तो बिनस्कॉलरशिपचा, स्वतःच्या पैशाने शिकणारा मुलगा, आणि मॅच संपल्यावर ड्रेसिंग रूममध्ये कोच डीबोरने सगळ्यांसमोर सांगितलं की आजपासून तुला स्कॉलरशिप. पोरं नुसती त्याच्या अंगावर पडली. तो व्हिडिओ मी किती वेळा बघितला असेल, बाबा म्हणाले तुला काय जावई करायचाय का त्याला. मी तेव्हा म्हणाले होते बघ, हा माणूस पोरांचा आहे.

सात आठवडेही झाले नाहीत तोच तो माणूस निघून गेला.

१ जानेवारीला टेक्ससला हरवलं, ८ तारखेला ह्यूस्टनला फायनल मिशिगनशी हरले, ३४-१३. अख्ख्या सीझनमधली ती एकच हार. १० तारखेला तिकडे अलाबामाचे निक सेबन रिटायर झाले, सतरा सीझन आणि सहा टायटल त्या एकाच ठिकाणी, आणि १२ तारखेला डीबोर त्यांच्या जागी. दोन दिवस! आपल्याकडे दोन दिवसांत बदलीची ऑर्डर टाईपसुद्धा होत नाही. रूममेट त्या दिवशी जेवलाच नाही, जांभळा स्वेटशर्ट काढून कपाटात कोंबला आणि मला म्हणाला आंटी, तो एकदा तरी आमच्याकडे वळून बघेल असं वाटलं होतं.

पुढचं तर तुम्ही मला स्क्रीनवर दाखवत होतात. अलाबामाने वॉशिंग्टनचा कोच नेला, वॉशिंग्टनने ॲरिझोनाचा जेड फिश नेला, ॲरिझोनाने सॅन होजे स्टेटचा ब्रेंट ब्रेनन नेला, सॅन होजेने केन नियुमाटालोलोंना आणलं, जे आधी बरीच वर्षं नेव्हीच्या कॉलेजचे कोच होते. सगळं दोन आठवड्यांच्या आत. बाबा म्हणाले हा तर खो-खो आहे. मी म्हटलं नाही हो, खो-खोमध्ये खो देणारा निदान उठलेल्याच्या जागी बसतो तरी, इथे कोणी कोणाच्या मागे बसायला थांबत नाही, जो तो वरच्या खुंटाकडे.

पैसे तर विचारूच नको. अलाबामात आठ वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट, वर्षाला सरासरी एक कोटी डॉलरच्या वर, आणि कॉन्ट्रॅक्ट मोडलं म्हणून वॉशिंग्टनला भरपाई १२० लाख डॉलर. तू म्हणालास आई हे म्हणजे नोटीस पिरियड बायआउट. मी म्हटलं हो का, आणि पोरांचा नोटीस पिरियड? तेव्हा कळलं की कोच गेला की पोरांनाही तीस दिवस मिळायचे, ज्याला दुसऱ्या कॉलेजात जायचं त्याने जावं. कॉलेज बदललं की एक वर्ष न खेळता बाहेर बसायची अटही २०२१ पासून काढलेली. आधी कोच मोकळा आणि पोरगा बांधलेला असं होतं, हे मला जास्त खटकलं खरं तर.

आता तू म्हणशील आई काल तू गप्प होतीस आणि आज फुटबॉलचं पुराण. ऐक तर.

तुझ्या त्या टीमचा पेनिक्स, डावखुरा, तो आधी इंडियानात होता. २०१९ मध्ये डीबोर तिथे एक वर्ष ऑफेन्सचे, म्हणजे चढाईचे, कोच होते. पोराच्या गुडघ्याचं दोनदा, खांद्याचं वेगळं, चार सीझन दुखापतीने अर्धवट सुटले. डीबोर वॉशिंग्टनला आले तेव्हा हा त्यांच्या मागे आला, कारण त्या माणसाला आपला खेळ माहितीये, एवढ्याच भरवशावर. आणि तिकडे ॲरिझोनात फिश गेल्यावर सगळ्यांना वाटलं टेटायरोआ मॅकमिलन आणि नोआ फिफिटा ही दोन पोरं त्यांच्या मागे जाणार. शाळेपासूनचे दोस्त, दोघंही राहिले. २०२३ ला दहा मॅच जिंकलेली टीम २०२४ ला चारच जिंकली, तरी. आणि गंमत बघ, एनएफएलच्या, म्हणजे तिकडच्या व्यावसायिक लीगच्या, टीम कॉलेजची पोरं निवडतात त्या ड्राफ्टमध्ये पेनिक्स २०२४ ला आठव्या नंबरला गेला, आणि मॅकमिलन २०२५ ला, तोही आठव्याच. एक कोचच्या मागे गेलेला आणि एक तिथेच राहिलेला. मी मुद्दाम परत तपासून बघितलं, मला वाटलं माझीच काहीतरी गडबड होतेय.

मग डीबोरवर तुम्ही एवढे का चिडला होता, हे मला तेव्हा विचारायचं होतं आणि विचारता आलं नाही, कारण मला माझंच आठवलं. तुला हे माहीत नाही. बाबांनाही अर्धंच माहितीये.

१९९९ साल, तू दीड वर्षाचा. माझी मुलींची टीम जिल्ह्यात पहिली आली होती, पहिल्यांदाच, आणि नऊ दिवसांवर विभागीय सामने. बाबांची बँकेतून नाशिकला बदली आली, लगेच जॉईन व्हा, आणि तुला घेऊन मी एकटी मागे राहणार कशी. वर नाशिकच्या शाळेत जागाही मिळत होती, पगार बरा होता, हे पण लिहिते, नाहीतर सगळं तुझ्यावर आणि बाबांवर ढकलल्यासारखं होईल. राजीनामा दिला. मुलींना सांगायला गेले नाही. मनाशी म्हटलं सामन्याआधी कशाला डिस्टर्ब करायचं. खरं म्हणजे मला त्यांच्या तोंडाकडे बघवलं नसतं. शिपायाकडे शिट्टी आणि हजेरीवही दिली आणि मागच्या गेटने निघाले. विभागात पहिल्याच सामन्यात हरल्या.

दहा-बारा वर्षांनी त्यातली एक मला एसटी स्टँडवर भेटली, कडेवर मूल. पाया पडली, उसाचा रस पाजला, पैसे देऊ दिले नाहीत. मग म्हणाली, बाई तुम्ही सांगून गेला असता तर आम्ही एक दिवस रडलो असतो आणि मग खेळलो असतो. आम्ही नऊ दिवस तुमची वाट बघत प्रॅक्टिस केली. एवढंच, रागाने नाही, सहज. तिची गाडी लागली आणि ती गेली.

म्हणून तुम्ही मला तो किस्सा सांगितलात ना, २००७ चा, त्या पेट्रिनोचा, जो अटलांटाची टीम सीझन चालू असताना सोडून आर्कान्सासला गेला आणि खेळाडूंच्या लॉकरमध्ये छोटीशी चिठ्ठी ठेवून गेला, त्यावर तुम्ही दोघं हसत होतात आणि मी भांडी घासायला उठले. निदान चिठ्ठी तरी ठेवली त्याने.

तुझे गाईड तुला केबिनमध्ये बोलावून, दार लावून, दीड तास बोलले. तूच सांगितलंस. जायच्या कितीतरी महिने आधी. ते बोलले तेव्हा त्यांचा हात थरथरत होता हेही तूच सांगितलंस, आणि मग दुसऱ्या वाक्यात धोकेबाज म्हणालास. राग येऊ दे, एक दिवस येऊ दे. पण धोका कशाला म्हणतात ते मला माहितीये, मी दिलाय.

आता कामाचं. त्यांना नीट विचार की डिग्री कुठल्या युनिव्हर्सिटीची मिळणार, आत्ताच्या युनिव्हर्सिटीतच नाव ठेवून तिकडे काम करता येतं का, फंडिंग किती वर्षांचं लेखी देणार, झालेले कोर्स धरतात की परत करायला लावतात, आणि व्हिसासाठी लागणाऱ्या नवीन आय-२० कागदाचं काय, मध्ये गॅप पडता कामा नये. हे सगळं ईमेलवर घे, तोंडी नको. आणि आहेस तिथेच राहायचं ठरवलंस तर दुसरे गाईड कोण होऊ शकतात ते आत्ताच जाऊन भेट, महिना संपायची वाट बघू नको.

तुमच्या लॅबमध्ये ती नवीन मुलगी आलीये म्हणालास, सहा महिनेच झालेत, केरळची. तिला त्यांनी काय सांगितलं, की कोणी सांगितलंच नाही? तिला विचार. आजच विचार.

बाबांना मी संध्याकाळी सांगते, तू फोन करून उगाच त्यांच्याशी वाद घालू नको, ते पहिलं वाक्य 'स्टेबल नोकरी' हेच म्हणणार.

भाजणी दळून आणलीये, पार्सल तयार आहे. कुठल्या पत्त्यावर टाकायचं ते तुझं ठरलं की कळव, घाई नाही, भाजणी टिकते.

आई