नोटीस मोबाईलवर, खुलासा मात्र रजिस्टरमध्येच?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी इंदूरच्या सुदामा नगरातल्या एका मल्टीत (बहुमजली इमारतीत) तिसऱ्या मजल्यावर राहते. श्रावणात मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेले होते. तिथे आमच्या रहवासी संघाची नोटीस व्हॉट्सॲपवर आली, तीही ग्रुपवर, सगळ्यांदेखत. माझ्या कुंड्यांचे पाणी खालच्यांच्या भिंतीत मुरते, सात दिवसांत खुलासा द्या, नाहीतर ५०० रुपये दंड. खुलासा मात्र संध्याकाळी सहा ते सात या वेळात ऑफिसात येऊन रजिस्टरमध्येच लिहायचा.

पाणी कुंड्यांचे नव्हतेच. गच्चीवरून पावसाचे पाणी आणणाऱ्या पाइपाचा सांधा माझ्या बाल्कनीलगत निखळला आहे. शेजारच्या काकूंनी फोटो काढून पाठवला. त्यात सांध्यातून उडणारी धार आणि भिंतीवर खालपर्यंत उतरलेली शेवाळाची हिरवी रेघ स्वच्छ दिसते. तो पाइप दुरुस्त करणे संघाचेच काम. पण फोटो माझ्या मोबाईलमध्येच राहिला आणि दंड मेन्टेनन्सच्या बिलात चढला. पैशांचे मला एवढे नाही. आजवर एक महिना मेन्टेनन्स थकवलेला नाही, आणि माझे म्हणणे कुणी ऐकूनही घेतले नाही, हे मनाला फार लागले.

याच इंदुरात महापालिकेच्या ३११ ॲपवर कचऱ्याचा फोटो टाकून घरबसल्या तक्रार करता येते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नेही मृत्युपत्रासारखे काही कागद सोडले तर इलेक्ट्रॉनिक नोंदीला लेखी नोंदीइतकीच मान्यता दिली आहे. मग संघांनी आपल्या नियमांत एवढी दुरुस्ती का करू नये? नोटीस ज्याची त्यालाच जावी, ग्रुपवर नको. तिच्यासोबतच उत्तराची लिंक असावी, फोटो जोडता यावा, उत्तर मिळाल्याची तारखेसह पोच यावी. समितीने ते वाचून कारणासह निर्णय कळवेपर्यंत दंड लावू नये. ज्यांना मोबाईल जमत नाही (आमच्या मल्टीत असे तीन-चार आजी-आजोबा आहेत) त्यांच्यासाठी रजिस्टर राहू द्यावे. मुले बंगळूर-पुण्याला आणि आईवडील सहा-सहा महिने त्यांच्याकडे, अशी घरे आता प्रत्येक मल्टीत आहेत. बंद दारावर नोटीस चिकटवून सात दिवस मोजणे त्यांच्यावर अन्याय आहे.

परत आल्यावर मी फोटोची छापील प्रत रजिस्टरमध्ये चिकटवून खुलासा लिहिला आहे. समितीने तो पुढच्या बैठकीत वाचावा, आणि निदान पाइप तरी त्याआधी दुरुस्त करून घ्यावा.

आपली,
एक वाचक, सुदामा नगर, इंदूर