रील दुरुस्त झालं आहे

पुणे,
सोमवार, रात्री

चि. बेबीस,
अनेक आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहितो. जिन्यात बोललो ते बोलायला नको होतं. ‘अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हे काय नवीन काढलंस’ हे तर अजिबात नको होतं. बावीस वर्षांनी तुझं जुनंच मासेमारीचं वेड परत सुरू होतंय, हे मलाही कळतं. तुझी आई दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलते आहे.

माळ्यावरून तू गळाची काठी नेलीस, तिच्यावरचं दोरा गुंडाळायचं रील राहिलं. विसरलीस की रागाने ठेवलंस ते तुझं तुला माहीत. मी ते उघडून साफ केलं आहे. शनिवारी सोन्या क्लासवरून येईल तेव्हा त्याच्याबरोबर डबा पाठवतो. पाण्याबद्दल या पत्रात काही लिहिणार नाही. जिन्यात ते पुष्कळ झालं.

तर रील. आतलं ग्रीस मेणासारखं घट्ट झालं होतं, म्हणून हँडल जड फिरत होतं. जुनं सगळं पेट्रोलच्या बोळ्याने काढलं आणि दात्यांना नवं ग्रीस अगदी पातळ लावलं. जास्त भरलं की थंडीत पुन्हा तेच. तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, ज्या बारक्या चकतीवरून वळून आत जातो, ती चकती अडकली होती. ही फिरली नाही की तंगुसाला पीळ पडतो आणि तो एकाच जागी घासला जातो. मग मोठा मासा लागला की नेमका तिथे तुटतो, आणि आपण गाठीला दोष देतो. शिलाई मशीनच्या तेलाच्या एका थेंबाने मोकळी झाली. नख फिरवून बघितलं, खाच पडलेली नाही. दर चार-पाच खेपांनी तूही नख फिरवून बघत जा.

ड्रॅगच्या, म्हणजे मासा जोरात ओढू लागला की तंगूस सुटू देणाऱ्या ब्रेकच्या, चकत्या दाबून चपट्या झाल्या होत्या, कारण रील ठेवताना ड्रॅग आवळलेला राहिला. आता रोज घरी आल्यावर तो सैल करून ठेवायचा. वापरताना मात्र अंदाजाने आवळू नकोस. नवा तंगूस ०.३० मिलिमीटरचा आहे, साधारण ५ किलोला तुटणारा. त्याच्या चौथ्या हिश्शाला, म्हणजे सव्वा किलोला ड्रॅग सुटला पाहिजे. भाजीवाल्यांकडे असतो तसा स्प्रिंगचा ताणकाटा डब्यात आहे. तंगुसाचं टोक त्याच्या हुकाला बांध, काठी वाकवून ओढ, आणि काटा सव्वावर गेला की रील ‘कर्र’ करून सुटतं का बघ. पूर्वी तू हे हातानेच ओळखायचीस. पण हात बावीस वर्षं कीबोर्डवर होते.

जुना तंगूस सगळा फेकून दिला. वरून चांगला दिसत होता, गाठ मारून झटका दिला की तटकन तुटत होता. नवा मीच गुंडाळला आहे. स्पूलच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर मोकळे ठेवलेत. काठोकाठ भरला तर फेकताना वेटोळी एकदम निसटतात आणि गुंता होतो. कमी भरला तर कडेला घासून लांब जात नाही.

काठी तुझ्याकडे आहे, म्हणून ती तू तपास. कड्यांच्या आतली चिनी मातीची रिंग तडकलेली असते आणि डोळ्यांना दिसत नाही. कापसाचा बोळा प्रत्येक कड्यातून फिरव. जिथे तंतू अडकेल तिथे तडा आहे, ते कडं बदलायचं. सगळ्यात टोकाचं कडं आधी बघ. आबांची काठी फायबर ग्लासची, जड आहे पण दणकट. मोह होऊन नवी कार्बनची घेतलीस तर एवढं लक्षात ठेव, की कार्बनमधून वीज वाहते. विजेच्या तारांखाली ती उभी धरून चालायचं नाही, आणि आभाळ गडगडलं की खाली ठेवायची.

गळ घरीच बांधून ने. हे चष्म्यामुळे सांगतो. नऊ वर्षांची असताना तू संगमावर अंधारात गाठ मारलेली आबांनी पेठेत दहा जणांना सांगितली होती. मीही सांगितली होती, पण तुझ्यासमोर नाही. आता तुला जवळचं दिसत नाही, त्यात लाजायचं काय? आठ-दहा गळ हात-हातभर तंगुसाला बांधून पुठ्ठ्यावर गुंडाळून ठेव. पाच वेढे, टोक पहिल्या फासातून काढून पुन्हा मोठ्या फासातून, आणि ओढायच्या आधी थुंकी लावायची. कोरडी गाठ ओढली की घर्षणाने तापते आणि तंगूस तिथेच कच्चा होतो. चिलापीला आठ-दहा नंबरचे गळ, सायप्रिनस आणि रोहूला चार-सहाचे. नंबर वाढला की गळ लहान, हे दुकानात उलटं मागू नकोस.

आणि तो दोन नजरांचा चष्मा घालून दगडांवरून उतरायचं नाही. खालच्या भिंगातून पायाखालचा दगड जिथे दिसतो तिथे तो नसतो. दुरचा साधा चष्मा घाल. शेवाळावर चपला नकोत, रबरी बूटही घसरतात. पुढचा दगड काठीने चाचपून मगच

बघ, पाण्यापाशी आलोच. सोडतो.

आमिष सांगतो. एक वाटी कणीक, अर्धी वाटी शेंगदाणा पेंडीचा चुरा, चमचाभर बडीशेप भाजून कुटून, सुपारीएवढा गूळ. पाणी बेताने घालून पुरीच्या पिठासारखं घट्ट मळायचं. मळताना कापूस पिंजून चिमूटभर घाल, म्हणजे गोळी पाण्यात विरत नाही आणि फेकताना गळावरून उडत नाही. त्यातल्याच तीन-चार मुठी आधी एका जागी टाक आणि अर्धा तास काही करू नकोस. जास्त टाकलंस तर मासे पोट भरून निघून जातात. चिलापीला मात्र गांडूळच. तिच्या पाठीवरचे काटे आणि शिंगट्याच्या कल्ल्यामागचे काटे विसरली असशील, म्हणून जुना नॅपकिन टाकलाय. मरळीच्या मागे इतक्यात लागू नकोस. तिला वनस्पतीतून ओढून काढायला जाड विणलेली दोरी आणि मजबूत खांदा लागतो, आणि तुझा उजवा खांदा गेल्या वर्षी वेणी घालायलाही वर जात नव्हता. पहिल्या दिवशी अर्धा तास फेक, पंधरा मिनिटं बस.

महसीर लागला तर सोड. १८३९ साली साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या माशाचं वर्णन लिहिलं आणि त्याचं नाव ‘खुद्री’ ठेवलं. शास्त्रात आजही तो त्याच नावाने आहे. आता त्या पाण्याचं काय झालंय ते संगमावरून जाताना नाकाला कळतं. तिथला मासा खाण्यालायक नाही, तिथे बसूच नकोस. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाक, म्हणजे मासा सोडायला सोपा आणि तुझ्या बोटात घुसला तर काढायलाही. मासा कोरड्या दगडावर ठेवू नकोस, हात ओले करून धर, तोंड प्रवाहाकडे करून त्याने स्वतः जोर करेपर्यंत थांब. देहूला इंद्रायणीत गळ टाकायचा नाही, हे सांगायची गरज नाही. धरणाच्या पाण्यावर मासेमारीचा ठेका सोसायटीकडे असतो, त्यांना आधी विचार. दोन शब्द गोड बोललं की तेच कुठे बसायचं ते दाखवतात.

थंडीत पहाटे पाचला निघायची हौस नको. पाणी गार असतं तोवर मासे डोहाच्या तळाशी पडून असतात. दहानंतर ऊन लागलं की काठाकडे सरकतात. तेव्हा उजेडी जा, उजेडी ये.

तू भाटघर धरणाच्या खाली बसणार असं सोन्या म्हणाला. (त्याला रागावू नकोस, मी खोदून विचारलं.) म्हणून आता लिहावंच लागतं. तू म्हणालीस, ‘अप्पा, पावसाळा संपला, आता कसलं पाणी?’ तिथेच घोळ आहे. पावसाळ्यात लोक घाबरून लांब असतात. आता रब्बीचं आवर्तन असतं. भाटघरमधून खालच्या वीर धरणाला पाणी सोडतात आणि ते नदीतूनच जातं. आभाळ निरभ्र, नदी घोट्याएवढी, आणि वर वीजघर चालू होतं. पानशेत-वरसगावच्या खालीही तेच. क्यूसेक म्हणजे सेकंदाला २८ लिटर. पेपरात ‘एक हजार क्यूसेक विसर्ग’ ही लहानशी बातमी असते, आणि नदीत सेकंदाला २८ हजार लिटर येतात. भिडे पूल बुडाला की अख्ख्या पुण्याला कळतं. भोरच्या खालच्या एका दगडावर बसलेल्या बाईला कोण कळवणार?

आदल्या दिवशी पाटकऱ्याला विचार. आवर्तन कधी सुटणार आणि कधी वाढणार हे त्याला माहीत असतं. बसल्यावर पाण्याच्या अगदी रेषेवर एक पांढरा दगड ठेव आणि दर दहा मिनिटांनी त्याच्याकडे बघ. तरंग्याकडे बघणाऱ्याला पाणी चढलेलं कळत नाही, दगडाकडे बघणाऱ्याला कळतं. दगड दोन बोटं बुडाला, किंवा काड्या-पाचोळा, फेस वाहून यायला लागला, किंवा पाणी गढुळलं, की उठायचं. गळ ओढत बसायचं नाही. काठी तिथेच टाकून वर यायचं. आबांची आहे म्हणून काठीसाठी परत वळायचं नाही. आणि मधल्या खडकावर कधीच जायचं नाही, मासे तिथेच असले तरी. पाणी तुझ्या आणि काठाच्या मधल्या सखल भागात आधी भरतं, तू बसलेला खडक शेवटी बुडतो.

हे सगळं मास्तरासारखं झालं, माफ कर. तू दोन मुलं वाढवलीस, कंपनीत पन्नास माणसं सांभाळतेस, जावईबापूंच्या आजारपणात तीन महिने एकटी धावलीस, तेव्हा मी एक शब्द सुचवला नव्हता. एका रविवारी नदीवर जाते म्हणालीस तर एवढं पत्र. तुझी आई वाचून म्हणाली, ‘गुडघा बरा असता तर तुम्हीच सोबत गेला असतात, म्हणून चिडताय.’ असेल.

कुणाला तरी बरोबर ने, एवढंच. सोन्याला नको वाटलं तर शेजारच्या त्या निवृत्त बाईंना ने. त्या पुस्तक वाचत बसतील, पण काठावर कुणीतरी असेल.

तुझा,
अप्पा

ता. क. डब्याच्या तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक दगड निघेल. चुकून आलेला नाही. गॅलरीतल्या तुळशीजवळचा आहे, त्याला काल ऑइलपेंटचे दोन हात दिलेत. अजून थोडा ओला आहे, शनिवारपर्यंत वाळेल.