अमळनेरच्या आप्पांना, धुळ्याहून

आप्पा, सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "जाऊ द्या हो" म्हणत पावसापाण्यावर येता, म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

समुद्री माशांची टाकी विकताना त्या दुकानदाराने काय काय ऐकवलं होतं! "ऑल-इन-वन आहे साहेब, फिल्टर-पंप सगळं मागच्या कप्प्यांत. मीठ कालवा, महिनाभर थांबा, मासे सोडा." पैसे पोचेपर्यंत साहेब. क्लाउनफिश, म्हणजे ते नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे छोटे समुद्री मासे, वर येऊन धापा टाकू लागले तेव्हा फोन उचलेना. एकदाच उचलला, तर म्हणे पाणी घटलं की मिठाचंच पाणी ओतत जा. वर, "धुळ्यात कशाला समुद्र पाळायचा?" इथे मे महिन्यात पारा चाळिशीपार. पाणी रोज उडणार, मीठ मागे राहणार आणि त्यात आणखी मीठ! समुद्रात किलोभर पाण्यामागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. तुमच्या रिफ्रॅक्टोमीटरने, म्हणजे खारटपणा मोजायच्या उपकरणाने, आमच्या टाकीत ४१ दाखवले.

ओळख ना पाळख, तरी तुम्ही भर उन्हात आलात. झाकणाऐवजी जाळी, मागे छोटे पंखे, कमी तापणारा पंप, पाणी गाळायच्या कापसाचा नवा थर. खारटपणा हळूहळू उतरवा, घाई केली तर मासे जातील, हेही बजावलंत. मासे आज ठणठणीत आहेत.

पण मला राहून राहून आठवतं ते वेगळंच. आई दारात उभी होती. दिवसभर घरात असते ती, पण त्या दुकानदाराने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. तुम्ही हात पुसलेत, स्टूल ओढून तिला टाकीमागे बसवलंत आणि सरळ अहिराणीत सुरू झालात, "माय, पानी उडी जास, मीठ तठेच राहस." समोरून टाकी कायम काठोकाठ दिसते, घट दिसते ती शेवटच्या पंपाच्या कप्प्यात, हे बोट ठेवून दाखवलंत. तिथे निळी चिकटपट्टी लावून मार्करने लिहिलंत, 'आरओचं गोडं पाणी'. मग तांब्या तिच्याच हातात दिलात. थोडं पाणी फरशीवर सांडलं, तर ती ओशाळायच्या आत तुम्ही ते स्वतःच्या रुमालाने टिपून मोकळे. आपोआप पाणी घालणारा व्हॉल्व्ह नंतर बसवू म्हणालात, आधी मायला अंदाज येऊ दे. जोडीतला मोठा मासा मादी असतो हे कळल्यावर आई जी हसली, ते तर तुम्ही पाहिलंतच.

त्याच दुकानदाराने मला बिलाशिवाय दगडी प्रवाळ देऊ केलं होतं. २००१ पासून ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंगतीत, हे तुमच्याकडून कळलं. विकणाऱ्याला ठाऊक नसेल? माल खपवणारे गल्लोगल्ली भेटतात आप्पा. समोरच्याला समजेपर्यंत थांबणारी माणसं मात्र शोधावी लागतात.

तुम्ही कळण्याची भाकरी आणि ठेचा तेवढा घेतलात, पंपाचे पैसे अजून सांगितले नाहीत. आकडा कळवा. नाहीतर आईने ठरवलंय, पापडाच्या डब्यात अंदाजाने नोटा घालून अमळनेरच्या एसटीने पाठवायच्या, आणि तिचा अंदाज नेहमी जास्तीचाच असतो.